टॉन्सिल काढल्यानंतरचे चौदा दिवस



गेल्या अंकात आपण मोखाडा तालुक्यातील एका तरुण भावाच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी मदत मागितली होती. मदत आली, शस्त्रक्रियाही झाली. त्याबद्दल आपणा सर्वांचे मनापासून आभार. नंतर खर्चाचा हिशेब वाचून मंडळीतील दोघा-तिघांनी मला एक प्रश्न विचारला, आणि तो रास्त आहे. "ऑपरेशन तर पाऊण तासाचे. मग रुग्ण आणि त्याची बायको बारा दिवस नाशिकमध्ये कशासाठी राहिली? माझ्या मुलाचे टॉन्सिल काढले तेव्हा तो चौथ्या दिवशी अंगणात खेळत होता."

मूल खेळत होते हे खरे आहे. पण आपला रुग्ण सव्वीस वर्षांचा होता, आणि त्याचे घर डांबरी रस्त्यापासून पायी दीड तासावर आहे. या दोन गोष्टींनी सगळे बदलते. फोनवर मी थोडक्यात उत्तर दिले, पण त्याने माझेच समाधान झाले नाही. म्हणून या अंकात जरा सविस्तर लिहिते. हे उत्तर मी पुस्तकातून कमी आणि स्वतःच्या घशातून जास्त शिकले आहे. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, माझेही टॉन्सिल काढावे लागले होते.

आधी थोडी ओळख. तोंड उघडून आरशात पाहिले तर मध्ये लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना, जिभेच्या मुळापाशी, बदामाएवढ्या दोन गाठी दिसतात त्या टॉन्सिल. पाड्यांवर घसा दुखला की सरसकट "पडजीभ पडली" म्हणतात. बोटाला मीठ-हळद लावून ती वर दाबणारी एखादी आजीही भेटते. पडजिभेचा यात बहुधा काही दोष नसतो. तोंडावाटे व नाकावाटे येणाऱ्या जंतूंशी लहानपणी शरीराची जी पहिली ओळख होते, ती करून देण्याचे काम या दोन गाठी करतात. मोठेपणी त्यांचे महत्त्व उरत नाही, कारण ते काम करणाऱ्या गाठी शरीरात इतरत्र भरपूर असतात. त्यामुळे टॉन्सिल काढल्याने माणूस कायमचा दुबळा होतो ही भीती बाळगू नये.

पण घसा दुखला की काढा टॉन्सिल, असेही नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेत मुलांचे टॉन्सिल सर्रास काढले जात. पेनिसिलिन आणि तिच्या मागून इतर औषधे आली, तसे डॉक्टर सावध झाले. आज साधारण हिशेब असा धरतात: एका वर्षात सात वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा घसा चांगलाच आजारी पडला, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. टॉन्सिलच्या मागे पुन्हा पुन्हा पू साठत असेल, गाठींमुळे झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही कारण होते. आणि एकाच बाजूची गाठ वाढत चालली असेल तर थांबूच नये. आपल्याकडे तंबाखू आणि मिश्रीचे प्रमाण पाहता अशी गाठ तपासून घेणे फार गरजेचे आहे.

ब्रिटनमधील २७ रुग्णालयांत साडेचारशेच्या वर प्रौढ रुग्णांचा एक अभ्यास झाला, तो २०२३ साली 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. ज्यांचे टॉन्सिल काढले त्यांचा घसा पुढच्या दोन वर्षांत साधारण २३ दिवस दुखला, आणि ज्यांना फक्त औषधे दिली त्यांचा साधारण ३० दिवस. म्हणजे फायदा नक्की आहे, पण तो चमत्कार नव्हे. आणि त्या २३ दिवसांत शस्त्रक्रियेनंतरचे दुखणेही धरलेले आहे, हे विसरू नये. ज्याचे दुखणे खरोखर वारंवार आणि मोठे आहे, त्यालाच हा सौदा परवडतो.

आपल्या भावाला तो परवडत होता. दोन वर्षांत दोनदा त्याच्या टॉन्सिलमागे पू झाला. दुसऱ्या वेळी त्याला तोंड उघडता येईना, स्वतःची लाळ गिळता येईना. पाड्यावरच्या चौघांनी त्याला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणले. तो दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. भट्टीवर आजारी पडलेल्या दिवसाची मजुरी नाही आणि उचल मात्र तशीच अंगावर राहते. घसा धरला की आठ दिवस गेले, असे तीन-चार वेळा झाले की हंगामाच्या शेवटी हातात काही न येता उलट देणेच उरते. त्याच्या दृष्टीने टॉन्सिल हा कर्जाचा आजार होता.

आता शस्त्रक्रियेत काय होते ते पाहू. पूर्ण भूल देऊन, तोंडातूनच, दोन्ही गाठी त्यांच्या खोबणीतून सोडवून काढतात. बाहेरून कुठे काप नाही. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने बोटाने टॉन्सिल सोडवून काढण्याची रीत लिहून ठेवली आहे, तेही भूल नसताना. ते वाचल्यावर मी माझ्या दुखण्याबद्दल फार कुरकुर केली नाही. (माझे पती म्हणतात की केली.)

मुलांच्या गाठी मऊ असतात आणि सहज सुटतात. मोठ्या माणसाच्या गाठींना वर्षानुवर्षांच्या आजारांनी आत वण पडलेले असतात, त्या भोवतालच्या स्नायूला चिकटून बसलेल्या असतात. म्हणून सोडवायला जास्त खटपट लागते आणि मागे राहणारी जखम जास्त दुखते. या जखमेला वरून शिवून बंद करीत नाहीत. ती उघडीच राहते आणि तळापासून हळूहळू भरत येते, भाजलेली जागा भरते तशी. फरक इतकाच की भाजलेल्या हाताला आपण विश्रांती देऊ शकतो. घसा मात्र प्रत्येक घोटाला, प्रत्येक शब्दाला, झोपेतसुद्धा हलत असतो.

पहिल्या दिवशी मला वाटले, लोक उगाच घाबरवतात. भुलेचा अंमल आणि सलाईनमधून दिलेले वेदनाशामक यांच्या जोरावर मी संध्याकाळी चहासुद्धा मागितला. दुसऱ्या दिवशी घसा जड झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी घोट गिळताना काचेचा चुरा गिळल्यासारखे वाटले. आणि कान दुखू लागले! मी डॉक्टरांना म्हटले, तुम्ही घशाचे ऑपरेशन करताना कानाला काही लागले का? ते हसले. टॉन्सिलच्या जागेची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेचाच एक फाटा मधल्या कानाकडे जातो. त्यामुळे दुखते घशात आणि मेंदूला वाटते कानात. कानाला काहीही झालेले नसते. हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो, कानात तेल घालतो, नको ते उपाय करतो.

दुसरी घाबरवणारी गोष्ट आरशात दिसते. चोवीस तासांत जखमेवर पांढरी-पिवळट साय धरते आणि तोंडाला वास येऊ लागतो. पाहणाऱ्याला वाटते पू झाला. तो पू नव्हे. बाहेरच्या जखमेवर काळी खपली धरते, तीच ओल्या घशात पांढरी दिसते. ती खरवडायची नाही, कापसाने पुसायची नाही, तिच्यावर हळद दाबायची नाही. तिच्याखाली नवे कातडे येत असते. अंगात थोडीशी कणकण, सुजलेली पडजीभ, बदललेला आवाज, जिभेची बिघडलेली चव हेही पहिल्या दिवसांत चालते. माझी चव जवळजवळ महिनाभर पत्र्यासारखी होती.

मोठ्या माणसाला हे दुखणे दहा ते चौदा दिवस पुरते. आणि ते रोज थोडे थोडे कमी होत जात नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत वाढते, जरा उतरते, आणि पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास खपली सुटू लागली की पुन्हा उसळते. नेमके याच वेळी घरच्यांना वाटते की आठवडा झाला, आता हा बरा असायला हवा.

इथेच माझी चूक झाली. डॉक्टरांनी निघताना सांगितले होते की दोन आठवडे नाशिकबाहेर जाऊ नका. मी मान डोलावली, आणि पाचव्या दिवशी जव्हारला घरी आले. घरची ओढ होती, टेबलावर कामाची यादी होती, आणि अशा सूचना इतरांसाठी असतात असा माझा समज होता. शिवाय गिळायला त्रास होतो म्हणून मी खाणे-पिणेही कमी केले होते. सातव्या रात्री दोनच्या सुमारास तोंडात खारट, लोखंडासारखी चव आली म्हणून जाग आली. दिवा लावला तर उशी लाल. न्हाणीत जाऊन थुंकले तर रक्ताची गुठळी, आणि तिच्यामागून ताजे रक्त. जव्हारच्या रुग्णालयात सलाईन लावून घेतले आणि तसेच नाशिकला निघालो. जव्हार ते नाशिक सुमारे ८० किलोमीटर. मोखाडा गेले, तोरंगणचा घाट आला, त्र्यंबकेश्वर आले, आणि मी मांडीवर घमेले धरून पुढे वाकून बसलेली. पहाटे पुन्हा भूल देऊन रक्त येणारी जागा डागली. मी वाचले त्यात माझे शहाणपण काही नव्हते. घरासमोर रस्ता होता, दारात गाडी होती आणि ती चालवणारा माणूस जागा झाला होता.

या रक्तस्रावाबद्दल प्रत्येकाला माहीत असायला हवे, कारण टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेतील खरा धोका तोच आहे. तो दोन वेळा येऊ शकतो. एक म्हणजे पहिल्या चोवीस तासांत. तेव्हा रुग्ण बहुधा रुग्णालयातच असतो, त्यामुळे इलाज जवळ असतो. दुसरा पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान, खपली सुटताना. तेव्हा रुग्ण घरी असतो. २००३-०४ मध्ये इंग्लंड व उत्तर आयर्लंडमध्ये सुमारे ३४ हजार शस्त्रक्रियांची पाहणी झाली. तीत सोळा वर्षांवरील रुग्णांपैकी शंभरात सुमारे पाच जणांना दखल घेण्याइतका रक्तस्राव झाला. अगदी लहान मुलांत हे प्रमाण शंभरात दोन इतके होते. शंभरातले पंच्याण्णव सुखरूप घरी राहतात. पण कोण त्या पाचांत आहे हे आधी कळत नाही, आणि त्या पाचांना रात्रीच्या वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञ, भूल देणारे डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृह लागते. पाड्यावरून रस्त्यापर्यंत डोलीने दीड तास, तिथे गाडी येईपर्यंतचा वेळ, मग घाट. हिशेब आपणच मांडावा.

म्हणून बारा दिवसांची खोली. तो आरामाचा खर्च नव्हता, शस्त्रक्रियेचाच उरलेला भाग होता.

रक्त आलेच तर काय करावे हे आम्ही आपल्या भावाला आणि त्याच्या बायकोला आधीच दोनदा सांगितले आणि त्यांच्याकडून वदवून घेतले. आडवे व्हायचे नाही. ताठ बसून पुढे वाकायचे. रक्त गिळायचे नाही, भांड्यात थुंकायचे, म्हणजे किती जाते ते दिसते. गार पाण्याच्या चुळा हळूच भरायच्या. लाळेत एखादी तांबूस रेघ दिसली तर लक्ष ठेवायचे. ताजे लाल रक्त आले तर, थांबल्यासारखे वाटले तरी, रुग्णालयात जायचे, कारण पहिला थोडा स्राव हा पुष्कळदा मोठ्या स्रावाची वर्दी असतो. झोपेत माणूस सारखा घोट गिळताना दिसला तर त्याला उठवून तोंडात पाहायचे. काळपट उलटी झाली तर तेही पोटात गेलेले रक्तच समजायचे. कोणी रुग्ण पाड्यावर परतलेला असेल आणि असे झाले, तर नाशिकचा विचार करीत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय, जे जवळ असेल ते आधी गाठावे. तिथे सलाईन लागते, रक्तदाब पाहिला जातो आणि पुढे पाठवण्याची सोय होते.

खोली ठरली, पण तारीख ठरवणे त्याहून अवघड होते. शहरातला माणूस सुट्टी पाहून शस्त्रक्रिया करतो. आपल्याकडे आधी शेत पाहावे लागते, मग आभाळ, आणि शेवटी मुकादम. आवणीच्या दिवसांत कोणी घर सोडू शकत नाही, आणि पावसात ओढे भरले की काही पाडे तुटतात. दिवाळीनंतर भट्टी. आणि उन्हाळ्यात, जिथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो त्याच मोखाड्यात विहिरी आटतात आणि पाणी लांबून आणावे लागते. आम्ही सप्टेंबरची अखेर निवडली. निंदणी आटोपलेली असते, कापणी सुरू व्हायची असते, आणि त्यानंतर भट्टीला जाईपर्यंत अंगात ताकद यायला महिनाभर मिळतो.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांत एक गोष्ट मी आग्रहाने करवून घेतली. आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो. केंद्र सरकारने २०२३ साली त्याच्या उच्चाटनासाठी राष्ट्रीय मोहीमच सुरू केली. या आजारात शरीरातील पाणी कमी झाले, अंग गार पडले किंवा श्वासातून प्राणवायू कमी मिळाला की रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि भयंकर वेदना सुरू होतात. आणि टॉन्सिल काढलेला माणूस तर दुखते म्हणून पाणीच पीत नाही! सिकलसेलच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करता येते, पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी माहीत हवे. हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे. आधीच रक्त कमी असलेल्याला थोडा रक्तस्रावही भारी पडतो. आपल्या भावाचा सिकलसेलचा अहवाल सुदैवाने चांगला आला. हिमोग्लोबिन थोडे कमी होते, म्हणून दोन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या आणि मगच तारीख घेतली.

खाण्याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. आईस्क्रीम खायला मिळते म्हणून मुले या ऑपरेशनला तयार होतात. आईस्क्रीमला ना नाही, पण पाड्यावर ते कुठून आणणार? आणि त्याची गरजही नाही. माठातले गार पाणी पुरते. मुख्य गोष्ट ही की घसा कोरडा पडता कामा नये. दुखते म्हणून माणूस गिळत नाही, गिळत नाही म्हणून घशाचे स्नायू आखडतात, खपली सुकून तडकते, आणि मग आणखी दुखते. जागेपणी दर तासाला चार-पाच घोट, हा नियम आम्ही घड्याळ लावून पाळला. लघवी गडद पिवळी झाली की समजायचे पाणी कमी पडते आहे.

पहिले दोन-तीन दिवस तांदळाची पेज, कोमट किंवा गार. मग वरईचा मऊ भात, डाळीचे पाणी, शिजवून घोटलेले अंडे, केळे. नागलीची आंबील चांगली, पण आंबट झालेली नको, कारण आंबट लागले की जखम चरचरते. लिंबू, चिंच, मिरचीची चटणी दोन आठवडे बंद. सुका बोंबील आणि जवळा हे आपल्या लोकांच्या जेवणातले मोठे सुख, पण त्यांचे काटे आणि टोके खपली ओरबाडतात, म्हणून तेही बंद. पाचव्या-सहाव्या दिवसापासून नागलीची भाकरी डाळीत कुस्करून खाल्ली तर उलट चांगले. चावण्याने आणि गिळण्याने घसा मोकळा राहतो. नुसत्या पातळ पदार्थांवर चौदा दिवस काढणारा माणूस लवकर बरा होत नाही, नुसता वाळतो. माझे चार किलो वजन उतरले होते, आणि त्याचे कौतुक करणाऱ्या भगिनींना मी हातानेच नको नको म्हणत होते, कारण बोलता येत नव्हते.

गोळ्यांबाबत आपल्या लोकांची एक सवय आड येते: दुखले तरच गोळी. इथे ते चालत नाही. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी ठरल्या वेळेला घ्यायची, दुखत असो वा नसो, आणि शक्यतो जेवणाआधी अर्धा तास, म्हणजे गिळताना तिचा उपयोग होतो. रात्रीची चुकवली तर सकाळ फार वाईट जाते. पॅरासिटामॉल चालू असताना तापाची किंवा सर्दीची दुसरी गोळी दुकानातून आणून खाऊ नये, कारण तिच्यातही तेच औषध असू शकते. अ‍ॅस्पिरिन तर नकोच, त्याने रक्त पातळ होते. आमच्या भावाला अक्षरे वाचता येतात, पण त्याच्या बायकोला नाही, आणि गोळ्या सांभाळणार होती ती. म्हणून पाकिटांवर सूर्य, भाकरी आणि चंद्र काढून दिले. एकही गोळी चुकली नाही.

बिडी, तंबाखू आणि चूल यांचे काय? पहिल्या दोन सोडायच्या, यात वाद नाही. चूल सोडता येत नाही, पण रुग्णाने धुराच्या घरात झोपू नये, पडवीत झोपावे, डोक्याखाली दोन गोधड्या जास्त घ्याव्यात. मोहाच्या दारूने जखम धुऊन निघते असे एका आजोबांनी फार प्रेमाने सांगितले. दारू जखमेला भाजते, अंगातले पाणी कमी करते आणि गोळ्यांशी तिचे जमत नाही, हे मी त्यांना सांगितले. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही कधी घेतली नाही, तुम्हाला काय माहीत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पाड्यावरच्या भगताशीही मी आधीच बोलले. मंत्र-अंगाऱ्यावर वाद घातला नाही. एवढेच विनवले की चौदा दिवस याच्या तोंडात बोट किंवा पाला घालू नका, आणि रक्त दिसले तर सर्वांत आधी डोली करा. त्यांनी ते मानले. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला भेटायला नाशिकच्या खोलीवर येणाऱ्यांत तेही होते.

राहता राहिले ओझे. जोर लावला, श्वास रोखला, वाकून भार उचलला की डोक्याकडचा रक्तदाब वाढतो आणि ओल्या जखमेला तो सोसत नाही. शहरातल्या माणसाला "दोन आठवडे जिमला जाऊ नका" सांगितले की झाले. आमच्याकडे याचा अर्थ होतो, लाकडाची मोळी नाही, पाण्याचा हंडा नाही, भाताचा भारा नाही, आणि मग ती कामे कोण करणार याची सोय आधी लावायची. त्याच्या धाकट्या भावाने गुरे आणि घर सांभाळले. बाईमाणसाच्या बाबतीत हे जास्त कठीण आहे. तिला बरे वाटते आहे असे दिसले की सातव्या दिवशी तिच्या डोक्यावर हंडा चढतो. सातवा दिवस म्हणजे कोणता, हे वर लिहिलेच आहे.

आपल्या भावाचे दिवस कसे गेले, तेही सांगते. चौथ्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून पडून होता आणि घरी न्या म्हणून खुणा करीत होता. खोलीतल्या चार भिंती त्याला घशापेक्षा जास्त बोचत होत्या. सहाव्या दिवशी कान फार दुखले. त्याच्या बायकोने ते आम्हाला न घाबरता फोनवर सांगितले आणि स्वतःच पुढे म्हणाली, "ते घशाचंच आहे ना, ताई?" आठव्या रात्री लाळेत लाल रेघ आली. दोघे रिक्षाने दहा मिनिटांत रुग्णालयात पोहोचले. डॉक्टरांनी तपासले, रात्रभर ठेवून घेतले, आणि आपोआप थांबले म्हणून सकाळी सोडले. काही करावे लागले नाही. तीच रेघ पाड्यावर दिसली असती तर सकाळपर्यंत कोणी वाट पाहिली असती का, आणि पाहावी लागली असती का, हे मला सांगता येत नाही. तेराव्या दिवशी त्याने नागलीची अख्खी भाकरी खाल्ली, न कुस्करता. चौदाव्या दिवशी तपासणी झाली आणि मग दोघे घरी गेली. दिवाळीनंतर तो मुकादमाबरोबर भट्टीवर गेला आहे. मी हे लिहीत असताना त्याचा घसा एकदाही आलेला नाही.

अशा शस्त्रक्रियेला आपल्या कोणा परिचित रुग्णाला जायचे असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काही मिळते का हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे. रेशनकार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवावे. पण योजना मिळाली तरी शस्त्रक्रियेनंतर घरी सोडल्यावर बाहेर काढलेले दिवस आपल्यालाच पाहावे लागतात.

जव्हार तालुक्यातील एक बहीण आता तपासणीत आहे. वय पस्तीस, दोन मुले. तिची तारीख जानेवारीत घेतली आहे, विहिरीला पाणी असते तेव्हाची. तिच्या वाट्याचे पाणी भरायला तिच्या नणंदेने होकार दिला आहे. खर्चाचा अंदाज याच अंकात शेवटच्या पानावर आहे. राहण्याचे बारा दिवस या वेळी त्यात पहिल्याच ओळीत लिहिले आहेत.